राणीच्या राज्यात कोटापायी फाशी?

दर दोन-तीन महिन्यांनी तो फॉरवर्ड फिरून येतो. राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात म्हणे रुमाल चोरला तरी फाशी, सदरा चोरला तर थेट ऑस्ट्रेलियाला हद्दपारी, आणि बापाचा कोट पळवणाऱ्या पोरालाही माफी नाही. या धाकापायी गरिबाच्या घरातसुद्धा कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नसे. शेवटी शेपूट: ‘आपल्याकडे असाच कायदा हवा.’

फाशीचं आधी उरकू. खिसा मारल्याबद्दलची फाशी १८०८ मध्येच रद्द झाली. सॅम्युएल रोमिली या खासदाराने ते विधेयक लावून धरलं होतं. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये. म्हणजे तिच्या आजोबांच्या काळातला दोर तिच्या गळ्यात!

ऑस्ट्रेलियाचं निम्मं खरं. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत कपड्यांच्या चोरीवरूनही माणसं जहाजात बसली. पण १८५३ पासून ही शिक्षा आवरत गेली आणि १८६८ मध्ये कैद्यांचं शेवटचं जहाज फ्रीमँटलला लागलं. १८५५ नंतर तर पाच शिलिंगांपर्यंतची चोरी, आरोपी तशा सुनावणीला तयार असेल तर, स्थानिक दंडाधिकारीच निकालात काढत. जास्तीत जास्त तीन महिने. पोरांच्या नशिबी मात्र वेगळंच. १८५४ च्या कायद्याने सोळाच्या आतल्या मुलाला आधी निदान चौदा दिवस तुरुंग आणि मग दोन ते पाच वर्षं सुधारगृह होऊ शकत होतं. तेव्हा काळ मवाळ होता असंही मी म्हणत नाही.

आता खरा मुद्दा, घरात चोऱ्या होत नसत हा. होत होत्या, आणि कपड्यांच्याच होत होत्या. कारण मजुराच्या घरात विकण्याजोगं दुसरं असायचं काय? रविवारचा कोट, बूट, चादर. बऱ्याच घरांत सोमवारी सकाळी कोट गाठोड्यात बांधून गहाणवटीच्या दुकानात जायचा आणि शनिवारी पगार झाला की सोडवून आणायचा. १८७२ च्या कायद्याने व्याज ठरलं होतं: दोन शिलिंगांमागे महिन्याला अर्धा पेनी, शिवाय पावतीचा अर्धा पेनी. सहा दिवसांत सोडवला तरी व्याज अख्ख्या महिन्याचं. आठ शिलिंगांच्या कोटावर आठवड्याला अडीच पेनी. बारा पेनींचा शिलिंग. वर्षभर हेच चालवलं तर दहा शिलिंग दहा पेनी नुसत्या व्याज-पावतीत. कोटावर मिळायचे आठच!

जी वस्तू घरचेच दर आठवड्याला दुकानात नेतात, ती एखाद्या मंगळवारी पोराने परस्पर नेली तर दुकानदाराला संशय यायचा कशावरून? दुसऱ्याची वस्तू विनापरवानगी गहाण टाकणं हा वेगळा गुन्हा कायद्यात होता, तो उगाच नाही. बाराच्या आतल्या मुलाकडून गहाण घेऊ नये, हेही त्याच १८७२ च्या कायद्यात लिहावं लागलं.

मग खटले कमी का दिसतात? सरकारी अभियोक्त्याची व्यवस्थाच १८७९ च्या कायद्याने आली. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, साध्या चोरीत ज्याचं गेलं त्यानेच दावा लावायचा. म्हणजे बापाने एक रोज बुडवून कोर्टात उभं राहायचं आणि पोराकडे बोट दाखवायचं. काही बाप उभे राहिलेही. बाकीच्यांनी काय केलं असेल, ते कुठल्याही चाळीतला माणूस सांगेल.

बायकोचं तर त्याहून मजेशीर. नवरा-बायको कायद्याने एकच, म्हणून तिने त्याचा कोट गहाण टाकला तरी ती चोर ठरत नसे. तिच्या अंगावरचं लुगडं, म्हणजे तिथला झगा, तोसुद्धा कायद्याने त्याचाच! १८८२ मध्ये बायकोची मालमत्ता वेगळी झाली, तरी एका छताखाली नांदणाऱ्या जोडप्यात सहसा चोरीचा खटला चालत नसे.

राहता राहिलं शेपूट. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेतच होती, कलम ३८०. तीही त्याच राणीच्या राज्यात झालेली. २०२४ पासून लागू असलेल्या न्याय संहितेतही ती सात वर्षं कायम आहेत.