टक्क्यावरून भांडणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या नातेवाइकांत जुनं घर विकायचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "दलालाला टक्का कशाला द्यायचा? पोर्टलवर टाका, फोन येतात." त्याला जोडून न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यासाठी खास दुसरं: "तुम्ही तिकडे पाच टक्के मुकाट देता, तुम्हाला काय कळणार!" हे दुसरं जास्त झोंबतं, कारण ते बरंचसं खरं आहे.

न्यू जर्सीत घर विकताना दोन्हीकडच्या एजंटांचे मिळून पाच टक्क्यांच्या आसपास जात आले आहेत. 17 ऑगस्ट 2024 पासून एमएलएसवाल्या (विक्रीच्या घरांची एजंटांची सामायिक यादी) एजंटाबरोबर घर बघायला निघण्याआधीच खरेदीदाराला करारावर सही करावी लागते. कोण कोणासाठी काम करणार, किती दिवस आणि किती पैशांत, हे लॉकबॉक्स (दारावरची किल्लीची पेटी) उघडण्यापूर्वी कागदावर येतं. बडोद्यात सगळी शक्ती टक्क्यावर खर्च होते आणि बाकीचं मोघम राहतं. मग दस्तावेजाच्या, म्हणजे खरेदीखताच्या, दिवशी सबरजिस्ट्रारच्या ओट्यावर भांडण.

बडोद्यात दलाल सहसा विकणाऱ्याकडून एक टक्का आणि घेणाऱ्याकडून एक टक्का घेतो. म्हणजे तो दोघांचाही माणूस असतो. त्यात गैर काही नाही, पण आपला शेवटचा आकडा त्याला सांगू नये. एका पानावर लिहून घ्यावं: दलाली किती, बानाखताला (साठेखताला) किती, दस्तावेजाला किती (माझ्या मते मोठा हिस्सा दस्तावेजालाच), आणि 90 दिवस घर फक्त त्याच्याकडे. चार दलालांना चार भाव सांगितले की वासणा-भायलीपर्यंत बातमी जाते की मालक अडचणीत आहे. मग येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पाडूनच मागतं.

दलालाचा रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) क्रमांक विचारा, असं सगळे सांगतात. विचारावा. पण एजंटाच्या नोंदणीची सक्ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांपुरती आहे. जुन्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या साठ वर्षांच्या घराच्या पुनर्विक्रीला तिचा उपयोग नाही. तिथे दलालाची परीक्षा वेगळी. पहिल्याच भेटीत तो प्रॉपर्टी कार्ड मागतो का? कार्डावर अजून आजोबांचं नाव असेल तर पेढीनामा (वंशावळ), वारसाईची नोंद, हिस्सा सोडणाऱ्या बहिणीचा नोंदणी केलेला हक्ककमीचा लेख (हक्कसोडपत्र), हे सगळं गिऱ्हाइकाआधी व्हायला हवं. जुन्या शहराच्या बऱ्याच भागांत अशांत धारा (गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा) लागू आहे, तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते. जो दलाल हे न विचारता थेट "पार्टी तयार आहे" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आपण परदेशी राहतो हेही त्याला पहिल्या दिवशीच सांगायचं. इथेच सर्वांत जास्त व्यवहार अडकतात. विकणारा निवासी भारतीय असेल तर 50 लाखांपासून पुढे खरेदीदार 1 टक्का कर कापतो, आणि दलालाच्या डोक्यात तेवढंच असतं. अनिवासी विकत असेल तर 50 लाखांची मर्यादाच नाही. जुलै 2024 नंतर दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के, वर सरचार्ज आणि सेस. आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र हातात नसेल तर खरेदीदाराचा सीए पूर्ण किमतीवर कापायला लावतो. प्रमाणपत्राला काही आठवडे जातात, म्हणून बानाखतातली मुदत त्या हिशोबाने ठेवावी. कुलमुखत्यारपत्र वाणिज्य दूतावासात साक्षांकित करावं किंवा अपोस्टिल (परदेशी सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का) करावं, भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प लावावा. आणि ते दलालाच्या नावाने देऊ नये, तो कितीही घरचा असला तरी.

रोखीबद्दलही तसंच. "थोडं वर रोख" हे दलाल मेहेरबानी केल्यासारखं सुचवतो. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि ती रोख एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून बाहेर नेताही येत नाही. "सगळं चेकने" हे सुरुवातीलाच ऐकलं तर तो तसंच गिऱ्हाईक शोधतो. शेवटी सांगितलं तर त्याची दोन महिन्यांची मेहनत वाया जाते, आणि पुढच्या वेळी तो आपला फोन उचलत नाही. बरोबरच करतो.

ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, पाणी किती आलं होतं? न्यू जर्सीत 2024 पासून पुराची माहिती विकणाऱ्याने लेखी द्यायची असते. बडोद्यात ती शेजारचे देतात, तीही वाढवून. म्हणून पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं, हे दलालाला आपणच फोटोसकट द्यावं.

एवढं सगळं नीट करूनही दलाल आमच्यावर वैतागतात, आणि त्याचं कारण टक्का नाही. परदेशातल्या बऱ्याच बडोदेकरांना घर विकायचंच नसतं. वर्षातून एकदा भाव ऐकायचा असतो. अजून तिथे आपलं काहीतरी आहे आणि त्याला किंमत आहे, एवढी खात्री हवी असते. त्यासाठी दलाल पाच कुटुंबांना जिना चढवतो, आणि आपण दरवेळी "भाव जमत नाही" म्हणतो. मीही त्यातलाच. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एजंटाला असं फिरवायची आमची हिंमत होत नाही, तिथे करारावर सही असते. बडोद्यात होते, कारण तिथे आपण अजून घरचे आहोत असं आपल्याला वाटतं. दलालाला तसं वाटण्याचं काही कारण नाही.

विकायचं नसेल तर तसं सांगून टाकावं. भाव काढण्याचे वेगळे पैसे द्यावेत, किंवा अकरा महिन्यांच्या करारावर घर भाड्याने लावायला द्यावं. एका भाड्याएवढी दलाली मिळाली तरी तो खूष असतो. मात्र काकांकडची चावी त्याच्याकडे द्यावी लागेल. काका रागावतील.