पाय पुरोगामी नाही

लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय गाठला, तेव्हापासून घरात त्याला 'बारका पाय' म्हणतात. "बारक्या पायाचा मोजा कुठाय?", "बारका पाय जरा वर घे, फरशी पुसायचीय" एवढ्या शब्दसंपत्तीवर आमचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग सवलतीसाठी जिकडेतिकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागायला लागले आणि डॉक्टरांनी हाताने लिहिलेला, घडीवर चिकटपट्टी लावलेला माझा जुना दाखला रद्दीत जमा झाला. "हे चालत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. नीट चालत तर मीही नाही, पण तो मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही.

ऑनलाइन अर्ज भरायला पुतणी बसली. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्याने ते 21 केले. चांगलंच झालं, थॅलेसेमियाची मुलं, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाया, पार्किन्सनचे रुग्ण सगळे यादीत आले. फक्त बारका पाय कुठे सापडेना. हातापायांच्या हालचालीच्या अपंगत्वाला तिथे 'लोकोमोटर' म्हणतात, हे आम्हाला कुठून ठाऊक? पुतणी त्या शब्दापाशी थबकली. "काका, ही रेल्वेची सवलत असेल. घेऊन ठेवू का?"

बुधवारी सिव्हिलला अपंगत्वाचे टक्के ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड बसतं. बाहेरच्या बाकड्यावर दहावीच्या निकालासारखं वातावरण असतं. दहावीला पस्तीसला पास, इथे चाळीसला. चाळीस टक्के पडले की तुमचं दिव्यांगत्व 'लक्षणीय' ठरतं आणि बहुतेक योजनांची दारं तिथूनच उघडतात. चाळीसच्या आत पांढरं कार्ड, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि त्यावर निळं. एक गृहस्थ अडतीसवर लटकले होते. "दोन टक्क्यांनी गेलं हो," असं ते ज्याला त्याला सांगत होते आणि लोकही हळहळून "रीचेकिंगला टाका" म्हणून सल्ला देत होते. आपण जास्त धडधाकट निघालो म्हणून माणूस एवढा खचलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

माझ्या शेजारी एक बाई लेकीला घेऊन बसल्या होत्या. मुलगी असेल सोळा-सतराची, आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. कारकुनाने यादीवरून नजर न काढता विचारलं, "ही आयडी का?" बाईंनी घाईघाईने पिशवीतून आधार कार्ड काढलं. "ते नाही हो, आयडी!" बाईंनी रेशन कार्ड काढलं. मग पॅन. मग लाइटचं बिल. 'आयडी' म्हणजे इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी, हे कारकुनाला सांगता आलं असतं, पण त्याच्यासाठी तो शब्द कधीच उलगडलेला नव्हता. त्याच्या तक्त्यात ते दोन अक्षरांचं एक खोकं होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "साहेब, हिला समजायला जरा वेळ लागतो." त्याने खूण केली. तक्ता भरला.

माझा नंबर आला. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते आणि भयंकर घाईत होते. "पीपीआरपी, राइट लोअर लिंब," त्यांनी सांगितलं. म्हणजे पोलिओने लुळा करून ठेवलेला आमचा बारका पाय. सिस्टरने लिहून घेतलं. "एडीएल इंडिपेंडंट?" मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरला माझी दया आली आणि त्यांनी बाहेरच्या शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचेल अशा आवाजात भाषांतर केलं, "संडास-आंघोळ आपली आपण करता का, असं विचारतायत!" बाकड्यांवरची कुजबुज थांबली. सगळ्यांना उत्तर ऐकायचं होतं. मी मान हलवली तर म्हणाल्या, "तोंडाने सांगा!" भाषा सोपी असावी हे मला मान्यच आहे. तिचा आवाज किती असावा यावरही कुणीतरी शासन निर्णय काढावा.

अखेर दाखला हातात पडला. बावन्न टक्के. म्हणजे पास, तेही पहिल्याच फेरीत. खाली इंग्रजीत ओळ होती: नॉन-प्रोग्रेसिव्ह, नॉट लाइकली टू इम्प्रूव्ह, रीअसेसमेंट नॉट नेसेसरी. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात जन्म काढून आपला पाय पुरोगामी नाही आणि सुधारण्याची शक्यताही नाही, हे वाचून मला जरा लागलं. दाराशी खाकी कपड्यातले शिपाईमामा उभे होते. कागद त्यांनी हातातही घेतला नाही. असे शेकडो दाखले त्यांच्यासमोरून गेले असणार. "काय नाय सायेब. पाय हाय तसाच ऱ्हानार. बिघडनार नाय, सुधारनार नाय. आनि परत इकडं यायचं काम नाय."

गंमत म्हणजे 2016च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात संवादाची व्याख्या आहे. भारताने 2007 साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहे, जवळपास तशीच. ब्रेल, मोठा टाइप, खुणांची भाषा अशा रांगेत 'साधी भाषा' येते आणि तिला लागूनच 'वाचून दाखवणारा माणूस'. मात्र ते एकच वाक्य एवढं लांबलचक आहे, की साध्या भाषेपर्यंत पोचायलाही वाचून दाखवणारा माणूस लागतो. कायद्याची अंमलबजावणी होत नाही अशी ओरड मी तरी करणार नाही. सिव्हिलच्या दाराशी ती खाकी कपड्यात उभी असते आणि पगार मात्र स्टुलावर बसण्याचा घेते.

कॅलिपरसाठी, म्हणजे पायाला आधार द्यायला बांधतात त्या पट्ट्या-सळ्यांसाठी, वेगळी चिठ्ठी होती: 'केएएफओ विथ ड्रॉप लॉक'. म्हणजे मांडीपासून पावलापर्यंतचा कॅलिपर, गुडघ्याला खटका. ती घेऊन मी कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, हाताला चामड्याचा आणि सोल्यूशनचा वास. त्याने चिठ्ठी वाचली, खिळ्याला टोचली आणि माझ्यासमोर पाटावर बसला.

"घरी संडास कसला? खाली बसायचा की खुर्चीचा?"

"खुर्चीचा." इथे आवाज बेताचा होता, त्यामुळे उत्तर द्यायला संकोच वाटला नाही.

"बसताना गुडघ्याचा खटका वर ओढायला लागतो. हात पोचतो ना? ओढून दाखवा. आता उठा. कुठे रुततंय?"

"इथे, मांडीच्या आतल्या बाजूला."

त्याने खडूने तिथे फुली मारली. "पट्टा दोन बोटं खाली घेतो. जुन्याचा खटका वाजत होता का?"

"वाजायचा. जिन्यात तर फारच."

"तेल देऊ का नव्याला?"

मी विचार केला. "नको. मी आलोय हे घरात आधी कळलेलं बरं असतं. टीव्हीचा रिमोट जागेवर सापडतो."

"मग ठेवतो तसाच," तो म्हणाला आणि त्याने माप घ्यायला टेप काढली.