मीनिंग तोंडपाठ, वाक्य मात्र बोलता येईना

स्पष्टच लिहितो. हिंदी भाषक पोरांना इंग्रजी शिकवायचं म्हणजे 'वर्ड-मीनिंग' रटवायचं, हा धंदा आता बंद व्हायला हवा. मी इंदूरला राहतो. भंवरकुआं भागात कोचिंगसाठी आलेल्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हे रोज बघतो.

प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये 'वोकॅब'ची पीडीएफ असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच हिंदी शब्द. 'रिलक्टंट' म्हणजे 'अनिच्छुक', विषय संपला. विचारलं की धडाधड सांगतात, पण यावर एक वाक्य बोल म्हटलं की गाडी अडते. आणि 'अनिच्छुक' तरी घरात कोण बोलतं हो? सागरकडचा पोरगा घरी बुंदेली बोलतो, रीवा-सतनाकडचा बघेली. म्हणजे एका परक्या शब्दाला दुसऱ्या परक्या शब्दाचं ठिगळ. त्यापेक्षा 'मन नहीं है, पर करना पड़ रहा है' एवढं सांगा, शब्द जागच्या जागी बसतो.

खरी मजा 'से' मध्ये आहे. चाकू से काटा, दिल्ली से आया, दोस्त से मिला, सोमवार से बीमार है. हिंदीत चारही ठिकाणी 'से'. इंग्रजीत चाकूला 'विथ', दिल्लीला 'फ्रॉम', सोमवारला 'सिन्स' आणि बिचाऱ्या दोस्ताला काहीच नाही! पीडीएफमध्ये 'विथ'पुढे 'के साथ' छापलेलं असतं, मग चाकूचं काय करायचं? मराठी पोरांना चाकूने, दिल्लीहून, मित्राला, सोमवारपासून असं वेगवेगळं बोलायची निदान सवय तरी असते. (आपले घोळ निराळे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

तसंच 'मैं बोर हो रहा हूँ'चं. शाळेत शिकवलेलं असतं की 'रहा हूँ' दिसलं की 'आयएनजी' लावा. पोरगं इमानेइतबारे 'आय अ‍ॅम बोअरिंग' (म्हणजे 'मीच कंटाळवाणा आहे') म्हणून मोकळं होतं आणि वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांपैकी निम्मे तेच बोलतात, हा भाग वेगळा.

परीक्षेसाठी पाठांतर लागतं, हे मान्य. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे, त्यात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द येतातच. पण वाक्यातली चूक शोधा, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरा, इथे एका शब्दाला एक मीनिंग घेऊन गेलेला पोरगा हमखास आपटतो.

याला राजकारणाचाही इतिहास आहे. १९६७ मध्ये बिहारमध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती काढली, तर इंग्रजीशिवाय पास झालेल्यांना 'कर्पूरी डिवीजन' म्हणून चिडवलं गेलं. टोमणे मारणारे पुष्कळ होते. खेड्यातल्या त्या पोरांना नीट इंग्रजी शिकवायला किती जण गेले? २०१४ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात यूपीएससीच्या सीसॅटवरून (नागरी सेवा पूर्वपरीक्षेतला कल-चाचणीचा पेपर) आंदोलन पेटलं, तेव्हा प्रश्नपत्रिकेच्या हिंदी अनुवादावरही मुलं भडकली होती. 'स्टील प्लांट'चा, म्हणजे पोलाद कारखान्याचा, 'स्टील का पौधा' (रोप) हे उदाहरण तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. 'प्लांट'चं मीनिंग अनुवादकालाही पाठ होतं की!

नीट काम करणारा माणूस झाला नाही असंही नाही. फादर कामिल बुल्के १९३५ मध्ये बेल्जियमहून भारतात आले, रांचीत राहिले, अलाहाबाद विद्यापीठात रामकथेवर डॉक्टरेट केली आणि १९६८ मध्ये इंग्रजी-हिंदी कोश दिला. एकाच इंग्रजी शब्दाच्या छटा वेगवेगळ्या करून दाखवायची मेहनत या माणसाने घेतली. आज तो जाडजूड कोश उघडायला वेळ कुणाला आहे? तीस सेकंदांच्या रीलमध्ये दहा शब्द मिळतात ना!

मी आता वर्गात यादी देतच नाही. शब्द आला की आधी घरच्या बोलीत वाक्य बोलायला लावतो, मग इंग्रजीत. महिन्यात शब्द कमी होतात, पालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

इंदूर, भोपाळ, जबलपूरकडे कुणी शिकवत असाल तर 'को' आणि 'पर'ची अशीच उदाहरणं कमेंटमध्ये टाका. पुढच्या आठवड्यात वर्गात तीच घ्यायची आहेत.