निकाल लागला, जमीन कुठे मिळाली?

लाकोटा या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा ब्लॅक हिल्स या डोंगराळ मुलखावरचा दावा १९८० साली निकाली निघाला असं एका लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. अमेरिकी सरकारने त्यांच्याशी केलेल्या १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाचं बारावं कलम वाचा: त्यांच्यातल्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या असल्याशिवाय ही जमीन देता येणार नाही. १८७४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या कस्टरच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं आणि कलम गेलं बासनात. सह्या मिळाल्या जेमतेम दहा टक्के, त्याही शिधा तोडण्याची धमकी देऊन. तरी १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून डोंगर घेतलेच. (माउंट रशमोरवरचे ते चार राष्ट्राध्यक्ष याच डोंगरात कोरलेत, बरं का!)

१९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने व्याजासकट दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मान्य केली. लाकोटांनी एक छदामही उचलला नाही. रक्कम सरकारी खात्यात पडून पडून शंभर कोटींच्या पुढे गेली. आणि हे काही खाऊनपिऊन सुखी लोक नाहीत. त्यांची पाइन रिज वस्ती अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. पण पैसे घेतले की व्यवहार झाला, डोंगर विकले असं ठरणार. मग कशाला घेतील?