गाउचोच्या खिशातला कागद

मागच्या आठवड्यात आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा जुंपली. विषय नेहमीचाच, ऐतिहासिक सिनेमात आपल्या माणसाला कसं दाखवलंय. एक म्हणाला फारच रडका दाखवलाय, दुसरा म्हणाला पार देव करून टाकलाय. तिसऱ्याने दोघांनाही इतिहास वाचायला सांगितलं. सिनेमा तिघांपैकी एकानेही पाहिला नव्हता. शेवटी गाडी माझ्याकडे वळली : ‘तू तिकडे लांब बसून काय म्हणतोस?’

मी लांब म्हणजे ब्युनॉस आयर्सला, नऊ वर्षं झाली. आणि नेमका त्याच रविवारी वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे एक जुना सिनेमा पाहत होतो. (आजोबा मी मनातल्या मनात म्हणतो. इथे ऐंशीच्या माणसालाही सरळ नावाने हाक मारून अरे-तुरे करायचं. जीभ वळायला मला दोन वर्षं लागली.)

सिनेमा होता ‘वे ऑफ अ गाउचो’, 1952 चा, झाक टर्नरने दिग्दर्शित केलेला. वेस्टर्नच, पण टेक्सासऐवजी 1875 चा अर्जेंटिना. गाउचो म्हणजे इथल्या माळरानावरचा घोडेस्वार गुराखी. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे इथे कमावलेले पैसे पेरॉन सरकारच्या नियमांमुळे देशाबाहेर नेता येत नव्हते, तेव्हा ते इथेच खर्च करावेत म्हणून हे सगळं लटांबर आलं. त्यामुळे माणसं इंग्रजीत बोलतात, पण माळरान खरं आहे. ते क्षितिजापर्यंत पसरलेलं गवत पाहून आजोबा माते या इथल्या कडवट चहाचा घोट घेत म्हणाले, ‘नट बदलता येतात, पाम्पा कुठून आणणार?’

गोष्ट साधी आहे. रोरी कॅलहूनचा मार्तीन भांडणात एकाला मारतो. तुरुंगाऐवजी त्याला सरहद्दीवरच्या सैन्यात पाठवतात. तिथून तो पळतो, बंडखोर होतो आणि रेल्वे आणणाऱ्यांच्या मागे लागतो. रिचर्ड बून त्याचा पाठलाग करणारा मेजर, जीन टिअर्नी नायिका. शेवटी नायक शरण येतो. तो शेवट मला मुळीच पटला नाही. दीड तास ज्या मोकळेपणाचं कौतुक केलं, तो शेवटी कायद्याच्या दारात नेऊन बांधायचा आणि वर लग्नाची घंटा वाजवायची!

पण सैन्याची ती शिक्षा पटकथाकाराच्या डोक्यातून आलेली नाही. 1815 च्या फर्मानानुसार ब्युनॉस आयर्स प्रांतात ज्याच्याकडे जमीन नाही तो कुणाचा तरी नोकर समजला जाई, आणि त्याने मालकाच्या सहीची ‘पापेलेता’, म्हणजे चिठ्ठी, जवळ बाळगायची. दर तीन महिन्यांनी ती नवी करून घ्यायची. चिठ्ठी नसली तर तो भटक्या, आणि भटक्याला पाच वर्षं सैन्यात. घोडा आणि सुरी एवढ्यावर जगणाऱ्या माणसाला असा एका कागदाने खुंटीला बांधला. होसे एर्नांदेसचं 1872 चं दीर्घकाव्य ‘मार्तीन फिएरो’ याच दुखण्यातून आलं. त्यातला गाउचो सरहद्दीवरून घरी येतो तर घर मोडलेलं, बायकापोरं पांगलेली.

पुढची गंमत अशी की तारेची कुंपणं आली, रेल्वे आली, मोकळा गाउचो संपला, आणि मग त्याची आरती सुरू झाली. 1913 मध्ये लुगोनेस या कवीने ओदेओन नाट्यगृहात व्याख्यानं देऊन ‘मार्तीन फिएरो’ला राष्ट्रीय महाकाव्याच्या पाटावर बसवलं. ऐकायला राष्ट्राध्यक्ष हजर. बाहेर शहर इटलीहून, स्पेनहून आलेल्यांनी भरलेलं. त्या उपऱ्यांना दाखवायला अस्सल भूमिपुत्र हवाच होता. आमच्या आजोबांचे आजोबा जेनोवाचे. तरी 10 नोव्हेंबर, एर्नांदेसचा जन्मदिवस, जवळ आला की हे टोपी घालून सान अंतोनियो दे आरेकोला घोडे बघायला जातात. मी चिडवलं तर रागावत नाहीत, अजून एक माते भरून देतात.

सिनेमातल्या काळानंतर तीन-चार वर्षांतच जनरल रोकाची दक्षिणेकडच्या मूळ रहिवाशांवरची लष्करी मोहीम झाली. तिला ‘वाळवंटाची मोहीम’ म्हणतात, जणू तिथे मापुचे, रांकेल कुणी राहतच नव्हते. पण त्यावर इथे आज उघड भांडण आहे. बारिलोचेतल्या रोकाच्या पुतळ्यावर लोक रंग ओततात, आणि शंभराच्या रोकाच्या नोटेच्या जोडीला पेरॉनची बायको एविता हिची नोट आली.

सिनेमा पाहताना माझ्या डोळ्यांपुढे होती सातारकडच्या आमच्या गावाच्या वेशीबाहेरची कैकाड्यांची पालं. गावात कोंबडी हरवली तरी आधी तिथे झडती. इंग्रजांनी 1871 मध्ये ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही आला. हजेरी, गाव सोडायला पास, सोलापुरात तारांच्या कुंपणातलं सेटलमेंट. गाउचोची निदान कुणाची चाकरी धरली की सुटका होती. आपल्याकडे गुन्हा जन्मासोबत अंगाला चिकटलेला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणजे हा सिनेमा आला त्याच वर्षी. जागा भरून काढायला सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

आणि ज्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी 1832 मध्ये पुण्यात फाशी दिलं, त्यांच्या जयंतीचे फोटो आमच्या ग्रुपवर दर सप्टेंबरला येतात. चांगलंच आहे ते. पण उमाजींच्याच रामोशी समाजावर नंतर गुन्हेगाराचा शिक्का बसला, हे फोटो टाकणाऱ्या आमच्या भावाला ठाऊक नव्हतं. सिनेमातल्या नायकाची मिशी बरोबर आहे का यावर मात्र तो दोन दिवस भांडू शकतो. परदेशात राहून शहाणपण सांगतोय असं वाटेल, वाटू दे. मीही तिथे होतो तेव्हा मिशीवरच भांडत होतो. इथे परका म्हणून खिशात ओळखपत्र बाळगायला लागलो, तेव्हा कागदाचं वजन कळलं. माझा कागद मला काही महिन्यांत मिळाला, आणि देणाऱ्या बाईंनी उच्चार सुधारून वर स्वागतही केलं.

ग्रुपवर यातलं काहीच लिहिलं नाही. गावच्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या थोरल्या भावाला तेवढं वेगळं विचारलं, ‘दादा, पालांवरच्या त्या पोराला जातीचा दाखला मिळाला का?’

रात्री त्याचं उत्तर आलं. ‘अडलाय. 1961 च्या आधी कुठे राहत होते त्याचा पुरावा मागतात. म्हातारा म्हणतो, तेव्हा आम्ही गाढवांमागे चालत होतो, तेच लिहा.’