जुन्या पिस्तुलाच्या नळीत वेल्डिंग मारण्याआधी

घरात ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायचं, जुनं पिस्तूल असेल तर नळीत वेल्डिंग मारून ते निकामी करा आणि कायद्याच्या कटकटीतून मोकळे व्हा, असा सल्ला सध्या अमळनेर-पारोळ्याकडच्या आमच्या नातेवाइकांत फिरतोय. परवा चुलतभावाने फोनवर विचारलंच, ‘‘भाऊ, नळीमा वेल्डिंग करी टाकू का?’’ मी इंग्लंडात राहतो. कायद्यापायी जुन्या हत्यारांची काय दशा होते ते इथे पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो, घाई करू नका.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ मुलं आणि त्यांच्या बाईंना गोळ्या घालून मारलं. त्याच्याकडची हत्यारं परवान्याची होती. १९९७ मध्ये दोन कायदे करून ब्रिटनच्या सरकारने पिस्तुलांवर बंदी घातली. लोकांनी दीड लाखांहून जास्त पिस्तुलं जमा केली. ती बंदी योग्यच होती. ज्यांची लेकरं गेली त्यांच्यापुढे संग्राहकाच्या हौसेची काय किंमत?

पण बंदीची व्याख्या सेंटीमीटरमध्ये झाली. नळी ३० पेक्षा आखूड किंवा एकूण लांबी ६० पेक्षा कमी, की हत्यार बंदीत. १९१९ पूर्वीच्या ऐतिहासिक पिस्तुलांना सवलत ठेवली, तिलाही अटी. ज्यांची काडतुसं सहज मिळत नाहीत ती घरी ठेवा, पण झाडायची नाहीत. बाकीची ठरावीक केंद्रांवरच ठेवायची आणि तिथेच झाडायची. आपल्या गावच्या क्लबात जुनं रिव्हॉल्व्हर चालवायचं असेल, तर ते लांब करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

असं लांब केलेलं एक वेबली रिव्हॉल्व्हर मी हातात घेतलंय. बर्मिंगहॅमची बनावट, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. मूळ नळी काढून लांबलचक नवी बसवलेली, तिचा काळा रंग चौकटीच्या विटलेल्या रंगाशी मेळ खात नव्हता. मुठीच्या तळाला भोक पाडून लोखंडी दांडा आवळलेला, का तर ६० सेंटीमीटर भरावेत म्हणून. मूळ नळी कुठे गेली ते मालकालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या काहींनी नळीला चीर पाडून आत पोलादी दांडा वेल्ड करून घेतला आणि हत्यार कायमचं निकामी केलं. यातलं काहीच आता पूर्ववत होणार नाही.

आपल्याकडे मोजपट्टी नाही, पण ओढ तीच. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या हत्याराला सूट देतं, मात्र ते दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशी अट घालून. म्हणजे धड राखलेलं हत्यार अडचणीचं आणि मोडलेलं बिनघोर. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, वारसाहक्काच्या धरून. तिसरी असेल त्याने काय करायचं, हा वाद घरोघरी आहे.

‘जुन्या बंदुकांनी पण माणूस मरतो’ हे मला मान्य आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याच्या सीमेवर मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे पोलीस वारंवार पकडतात, त्यांचा आजोबांच्या ठासणीच्या पिस्तुलाशी काय संबंध? १८५८ मध्ये सातपुड्यातल्या आंबापाणीला भिल्लांनी इंग्रजांशी लढाई दिली. पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने तर देशभर लोकांची हत्यारं परवान्याखाली आणली. त्या काळातलं जे थोडं खानदेशात उरलंय, तेही आपणच भोक पाडून संपवायचं?

संसदेने ४५ व्या कलमात एक वाट करावी: नोंद, फोटो, कुलूपबंद पेटी, दारूगोळा ठेवायचा नाही, आणि हत्यार जसंच्या तसं. तोवर भावाला मी सांगितलंय की वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नकोस. वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचार, रीतसर परवानगीने ते तिथे ठेवता येईल का.