बाळंतिणींची धर्मशाळा आणि कट्ट्यावरचं रणकंदन

रुग्णालयामागची बाळंतिणींची जुनी धर्मशाळा पाडून तिथे गाळे काढायचा नगरपंचायतीचा ठराव झाला आणि कट्ट्यावरच्या क्रिकेटच्या गप्पा बंद पडल्या. मास्तर म्हणत होते, धर्मशाळा हा गावाचा वारसा आहे, पाडू नका. त्यात बाळ्या कंत्राटदार आपणहून सगळ्यांना चहा पाजत होता. गाळ्यांचं काम कुणाला मिळणार, हे त्यावरूनच सगळ्यांनी ओळखलं.

"दहा वर्षं कुलूप आहे त्या धर्मशाळेला," बाळ्या म्हणाला. "आत वटवाघळं राहतात. आणि म्हणे वारसा! ताजमहाल आहे का तो? गाळे काढले तर पोरांच्या हाताला काम तरी मिळेल."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. कप खाली ठेवला की कलम येतं, हे आम्हाला पाठ आहे. "1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा. वास्तू किमान 100 वर्षांची लागते. धर्मशाळेला सत्तरही झाली नसतील. विषय संपला."

"तो केंद्राचा कायदा झाला," मास्तर म्हणाले. "मुंबईची हेरिटेज नियमावली 1995 ची आहे, तिच्यात शंभरची अट कुठाय? वास्तूचं सामाजिक मोलसुद्धा बघतात. विकास नियमावलीत आपल्यालाही अशी यादी करता येते, फक्त करायची इच्छा पाहिजे."

"मास्तर, कायदा शिकवू नका. कुंपणाच्या दाव्यात काय झालं, विसरलात?"

"हरलो. माझे वकील तुम्ही होतात."

यावर गण्या इतका हसला की चहा नाकात गेला. गण्या 108 च्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर आहे, ड्यूटी सुटली की थेट कट्ट्यावर येतो. बाळ्याने तोच धागा पकडला. "हा बघा, पुरावा समोर बसलाय. 2014 पासून 108 आहे. फोन लावा, गाडी दारात. मग दिवस भरलेल्या बाईने पंधरा-पंधरा दिवस आधी येऊन धर्मशाळेत कशाला पडून राहायचं?"

"फोन लागला तर," गण्या म्हणाला. "वरच्या पाड्यांवर रेंज कुठाय? आणि लागला तरी नाल्याला पूर असला की गाडी अलीकडे, बाई पलीकडे. मागच्या पावसाळ्यात झोळी करून आणली एकीला. वाहून गेलेला तो पूल कुणी बांधला होता, ते मी नाही सांगणार."

सगळे बाळ्याकडे बघायला लागले. बाळ्या चहावाल्याकडे बघत होता.

एवढ्यात सिस्टर आल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. भाजीची पिशवी खांबाला टेकवून त्या उभ्याच राहिल्या. त्यांना बसा म्हणायची हिंमत कुणी करत नाही.

"बाळंतपणानंतर अंगावरून जायला लागलं ना, तर बाई दोन तासांत संपू शकते," त्या म्हणाल्या. "दोन तासांत तुझी गाडी वरच्या पाड्यावर जाऊन परत येते का रे गण्या?"

"कोरड्यात येते, सिस्टर. पावसात नाही."

"मग झालं तर. जी बाई आधीच इथे येऊन राहिली, तिला नाला आडवा येत नाही."

मला विचाराल तर वाद इथेच संपायला हवा होता. पण मास्तरांना अभ्यास केलेला असला की गप्प बसवत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात घराचं दार उघडलं, फसलेल्या विधवांनी इथे गुपचूप बाळंत व्हावं म्हणून. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतलं, तो यशवंत. त्यानंतर पंढरपुरात 1875 साली लालशंकर उमियाशंकर यांनी तसंच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. "ही परंपरा आहे आपली," मास्तरांचा आवाज चढला. "किल्ल्यांच्या तटाला वारसा म्हणता, मग पोटुशी बाईला आसरा देणाऱ्या ओट्याला का नाही?"

"भाषण 26 जानेवारीला," बाळ्या म्हणाला.

सिस्टरांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "मागच्या पडवीत चुली आहेत. बघितल्यात कुणी? भिंतीला लागून ओळीने, सहा."

कुणीच बघितल्या नव्हत्या. मीही तिथे लहानपणी क्रिकेटचा चेंडू आणायला गेलो असेन तेवढाच.

"बाई एकटी येत नाही. सासू नाहीतर आई असते, वर दोन लेकरं. घरून तांदूळ, नाचणी, लाकडाची मोळी घेऊन येतात. दवाखान्याची पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. स्वतःची चूल मिळाली की मग बाई टिकते. नाहीतर तिसऱ्या दिवशी पळून जाते, मी बघितलंय. ज्याने कुणी ती पडवी बांधली त्याला हे कळत होतं. सरकारने 2010-11 च्या सुमाराला आदिवासी भागात बाळंतपणाआधी येऊन राहायला माहेरघरं काढली, त्यात घरच्यांना सोबत राहू देणं आलं, बुडालेली मजुरी देणं आलं. आपल्या धर्मशाळेत पहिली गोष्ट तर आधीपासून होती."

वारसा म्हणजे काय, ते मला त्या सहा चुलींत दिसलं. नुसत्या भिंती राखून उपयोग नाही. कुलूप काढावं, छप्पर शाकारावं, चुली पेटत्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात खाटा भरलेल्या असाव्यात. मी तसं बोललोही. मास्तर खूश झाले आणि त्याच भरात घसरले.

"अगदी बरोबर! आणि पुढच्या खोलीत छोटं संग्रहालय. जुनी रजिस्टरं आहेत ना सिस्टर? ती काचेत ठेवू. नावं, गावं, तारखा. लोकांना कळू दे."

"नाही."

"अहो पण इतिहास..."

"मास्तर, त्यातली काही नावं खोटी आहेत. मीच लिहिलीत. नवऱ्याच्या रकान्यात कितीदा नुसती रेघ ओढलीय. लग्न न झालेल्या पोरी यायच्या, नवरा वारलेल्या यायच्या. रात्री यायच्या, पहाटे जायच्या. आज त्यांच्या सुना-नातवंडं याच बाजारात भाजी घेतात. फुल्यांचं सांगितलंत ना मघाशी? त्यांनी त्या बायांना गुपचूप ये म्हणून शब्द दिला होता. आमचाही तोच होता. रजिस्टर काचेत गेलं की तो शब्द मोडला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. एवढा वेळ चष्मा पुसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. सिस्टर बोलत होत्या तो खरा अभ्यास, आणि तो कुठल्याच पुस्तकात मिळाला नसता.

बाळ्याला मात्र शांतता सोसत नाही. "बरं, मग मध्यम मार्ग. खाली गाळे, वर मातृत्व सेल्फी पॉइंट. फायबरची आई, फायबरचं बाळ, मागे लाइटिंग. हेरिटेजही झालं, धंदाही झाला."

"बाळ्या," सिस्टर म्हणाल्या, "तुझी आई त्या धर्मशाळेत तीन आठवडे राहिली होती. तू पोटात उलटा होतास."

"मला नव्हतं माहीत," बाळ्या खालच्या आवाजात म्हणाला.

"आम्हाला माहीत होतं. बाहेर येतानाही पाय पुढे. तेव्हाचा उलटा आहेस, अजून सरळ झाला नाहीस."

कट्टा जो फुटला म्हणता! वकीलसाहेब खोकत खोकत खांबाला धरून राहिले. गण्याने बाळ्याला 'पायाळू शेठ' करून टाकलं, आणि हे नाव आता त्याला जन्मभर पुरणार. त्यातच कुणीतरी त्याच्या न दिलेल्या गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला, ती कुठल्या सालची यावर दोन गट पडले, आणि धर्मशाळा बाजूला राहिली.

उठता उठता वकीलसाहेब म्हणाले, हरकतीचा अर्ज मी फुकट लिहून देतो, उद्या सह्या करा.

मास्तर घाईघाईने म्हणाले, "त्यापेक्षा तुम्ही नगरपंचायतीची बाजू घ्या. मग आपण नक्की जिंकतो."